मोंबासाच्या पेटीतला पासपोर्ट

मित्रांनो, कोनाड्यात तेलाच्या बुधलीमागे जे निळं, कोपरे दुमडलेलं पुस्तक पडलं आहे ना, तो मी. मी एक जुना पासपोर्ट आहे. प्रकाशा गावातल्या काही म्हाताऱ्या मला पोथी समजून हात जोडतात, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पोथीनं कोणाचं तरी भलं केलेलं असतं. माझ्या हातून काय झालं, ते ऐका.

माझा जन्म मुंबईच्या एका सरकारी कचेरीत झाला. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. अंगावर निळा पुठ्ठा, त्यावर राजाचं सोनेरी चिन्ह. पहिल्याच पानावर मोठ्या साहेबाचा हुकूम होता, की हा पासपोर्ट बाळगणाऱ्याला कोणी अडवू नये आणि लागेल ती मदत करावी. नवं नवं असताना मी तो हुकूम खरा मानत होतो. माझ्यामुळे समुद्रसुद्धा बाजूला सरेल, असा माझा तोरा होता.

माझे मालक मगन फिटर. नंदुरबारच्या जिनात कापसाची सरकी काढणारी यंत्रं दुरुस्त करायचे. तसल्याच कामासाठी त्यांना आफ्रिकेतल्या युगांडाहून बोलावणं आलं. त्यांची बायको कमलबाई प्रकाशाची. तिला वेगळा पासपोर्ट नव्हता. त्या काळी नवऱ्याच्याच पासपोर्टात बायकोचं नाव लिहीत. म्हणजे जिथे मी, तिथेच ती जाऊ शकणार. दोन माणसं माझ्या एकट्याच्या भरवशावर, या विचारानं मी आणखी फुगलो.

युगांडात माझे दिवस लाडाचे गेले. कमलबाई मला आपल्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. दसऱ्याला मगनच्या पान्या-हातोड्यांशेजारी मलाही हळदकुंकू लागायचं. मगन चिडवायचे, "त्याले बी निवद दाखाड ना!" आणि ती खरंच माझ्यापुढे गुळाचा खडा ठेवायची. मुंग्या लागल्या की दोघं हसायची.

मग कमलबाईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. त्यात तिची आई तुळशीबाई म्हणजे प्रकाशाच्या निम्म्या बायकांची बाळंतपणं आपल्या हातांनी केलेली बाई. कमलबाईनं एकच धोशा लावला. "मन्हं बाळतपण मन्ही मायच करी. दुसरी कोनी मले हात लावाना नही." मगननी काम सोडलं, आणि आम्ही आगगाडीनं मोंबासा बंदराला आलो. मुंबईची आगबोट सुटायला अवकाश होता. बंदराजवळ एक सुरतेकडचे शेठ राहत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते आपल्या घरात भाड्यानं खोली देत. तिथे आम्ही उतरलो.

आता नीट ऐका, मित्रांनो, कारण सगळं इथेच बिघडलं. शेठनी पासपोर्ट मागितला, माझ्यातली नावं उतरवून घेतली आणि लगेच मला परत पुढे केलं. माणूस चोख होता. मगननी हातही पुढे केला होता. पण कमलबाई मधे बोलली.

"ऱ्हाऊ द्या शेठ, तुमनाकडेच ऱ्हाऊ द्या. ज्याना घर उतरनूत, त्यानाच हाती आपली वस्तू देवानी. आमनाकडे असंच शे."

प्रकाशाला तसंच होतं. तापीवर स्नानाला येणारे यात्रेकरू तुळशीबाईच्या ओसरीवर उतरायचे. नदीवर जाताना पैशांची पिशवी, दागिना, जे काही असेल ते तिच्या हवाली करून जायचे. ती ते पेटीत टाकायची आणि किल्ली कमरेला खोचायची. एखाद्यानं गाठोडं स्वतःजवळ ठेवलं, तर तिला ते लागायचं. "मन्हावर भरोसा नही का तुन्हा?" असं ती तोंडावर विचारायची. कमलबाई त्या ओसरीवर वाढली. परक्याच्या घरी राहायचं आणि वस्तू आपल्याजवळ ठेवायची, म्हणजे तिच्या लेखी यजमानाचा अपमान.

शेठ म्हणाले, "बेन, आ तो तमारो कागळ छे. साथे राखो."

मगन पुटपुटले, "अवं, कागद आपलाजोडे ऱ्हाऊ दे."

"मंग त्यास्ले काय वाटी?" असं म्हणून तिनं मला पुन्हा शेठच्या हातात दिलं. एवढ्या आग्रहाला शेठ तरी काय म्हणणार? त्यांनी सागवानी पेटी उघडली, मला आत ठेवलं, कुलूप घातलं. किल्ली करदोट्याला बांधली. मला तर त्या वेळी बरंच वाटलं. आत अत्तराचा वास होता.

दुसऱ्या दिवशी शेठ व्यापाराच्या कामासाठी झांजीबारला गेले. आगबोट सुटायच्या आत परत येतो, असं सांगून गेले. ते आलेही असते. पण युरोपात लढाई पेटणार अशी बातमी बंदरावर आली, आणि आगबोट ठरलेल्या दिवसाआधीच सोडायचं ठरलं. मगन धावत घरी आले. आज दुपारीच निघायचं होतं, आणि मी कुलपात होतो.

मगन तसेच उलट्या पावली बंदरावर गेले. हातापाया पडले. तिकीट दाखवलं, बायको पोटुशी आहे म्हणून सांगितलं. साहेब म्हणाला, पासपोर्ट दाखव. मित्रांनो, ज्या मदतीचा हुकूम माझ्या पहिल्या पानावर होता, ती मदत मागायलासुद्धा मीच समोर असावा लागत होतो.

मगन परतले ते थेट हत्यारांच्या पिशवीकडे. मला पेटीच्या फळीतून सगळं ऐकू येत होतं.

"सरक," ते म्हणाले. "एक ठोकामा कुलूप निंघी जाई."

शेठाणी दारात उभी राहून रडायला लागली. तिच्याकडे दुसरी किल्ली नव्हती. पेटीत इतर भाडेकऱ्यांच्याही वस्तू होत्या. मालकाच्या माघारी पेटी फुटली तर ती काय तोंड दाखवणार? ती नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

आणि कमलबाई पेटीपुढे येऊन बसली. तिच्या बांगड्या फळीवर वाजल्या.

"नको. मी हात जोडस. दुसरास्न्या वस्तू शेतस त्यामा. मन्ही मायनी पेटी कधी कोनी फोडी का?"

"आनि आगबोट?"

"आगबोट दुसरी बी येई. शेठ येईच ना."

"आनि तुन्हं बाळतपण?"

तिनं पेटीला पाठ आणखी घट्ट टेकवली. मी आत आकांत करत होतो. फोडा! मगन, फोडा! बाई, बाजूला हो! पण कागदाला तोंड नसतं. माझ्या आणि तिच्या पाठीमध्ये बोटभर जाडीची फळी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मगननी हातोडी खाली टाकली. दुपारी आगबोटीचा भोंगा झाला, आणि तो लांब लांब जात विरला.

शेठ आले. झालेलं कळल्यावर पायातले जोडे न काढताच त्यांनी पेटी उघडली, आणि मला कमलबाईच्या ओंजळीत ठेवत कपाळावर हात मारून घेतला. "बेन, ताळुं तोडी नाखवुं हतुं ने!" कुलूप तोडून टाकायचं होतंत ना! ते मनापासून बोलले. म्हणून तर ते जास्त लागलं.

त्यानंतर लढाई सुरू झाली. आगबोटी सरकारनं फौजेसाठी घेतल्या. मगन रोज मला खिशात घालून बंदरावर जायचे आणि रोज मला तसंच परत आणायचे. आता मी जवळ होतो आणि माझा काडीचा उपयोग नव्हता. त्याच घरात कमलबाई अडली. शेठाणीनं जीव तोडून केलं, दवाखान्यातली बाई आणली. मुलगी झाली. कमलबाई गेली. आईला हाका मारत गेली.

प्रकाशाला असती तर वाचली असती का? मला ठाऊक नाही. बाळंतपणात बायका प्रकाशालाही जातात. पण तिचं डोकं तिच्या आईच्या मांडीवर असतं. एवढं तरी माझ्या हातात होतं, आणि मी पेटीत पडून राहिलो होतो.

पुढे काही आठवड्यांनी आगबोट मिळाली. मुंबई बंदरावर गोऱ्या साहेबानं माझं पान उघडलं, मगनकडे पाहिलं, त्यांच्या खांद्यावरच्या तान्हीकडे पाहिलं आणि विचारलं, बायको कुठे आहे? मगननी वर बोट केलं. साहेबानं टाक बुडवला आणि पट्टी लावून कमलबाईच्या नावावर सरळ रेघ मारली. किती नीट मारली! मला ती अजून खुपते.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस परमुलखात जाल, परक्याच्या घरी उतराल. घरधनी चांगला असेल, देवासारखा असेल. त्याला तुमचा कागद दाखवा, नाव उतरवून घेऊ द्या, आणि पुन्हा आपल्याजवळ ठेवा. वाईट वाटलं तर वाटू द्या त्याला. भरवसा जेवणाच्या ताटावर दाखवा, गप्पांत दाखवा. कागदावर दाखवू नका. कमलबाईची काही चूक होती असं मी म्हणणार नाही. तिला शिकवलेलं चांगलंच होतं. ते फक्त प्रकाशापुरतं होतं.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण नंदुरबार स्टेशन राहिलं.

मगननी मुंबईहून 'येतो आहे' एवढंच कळवलं होतं. त्यांना पुढचं लिहवलं नाही. लेकीचे दिवस मोजत बसलेली तुळशीबाई बैलगाडी जुंपून आली होती. गाडीत गवताची गादी, त्यावर गोधडी, डिंकाच्या लाडवांचा डबा. मगन तान्हीला घेऊन आगगाडीतून खाली उतरले. म्हातारीनं नातीला पोटाशी धरलं, तिच्या कानामागे बोटानं काजळ लावलं, आणि मग मान वर करून ती डब्याच्या दाराकडे पाहू लागली. गार्डानं हिरवी झेंडी काढली.

"आरे मगन, असा उभा काय ऱ्हायनास? ओली बाळतीन शे ती. तिले उतराले हात दे ना, गाडी सुटी जाई!"

मगननी खिशावर हात दाबून धरला. त्या खिशात मी होतो.