थापटणं जाळत नाहीत

कुंभाराचं थापटणं, म्हणजे ओलं मडकं ठोकून घडवायचं लाकडी फळकुट, जाळत नाहीत. उदगीरच्या आमच्या आळीत ते सडलं, भेगाळलं तरी माळ्यावर ठेवतात. कुणी कुंभार गेला की भादव्याच्या अवसेला त्याचं जुनं थापटणं काढायचं, त्याच थापटण्यानं एक ओलं मडकं थापटायचं, मेलेल्यांची नावं मोठ्यानं घ्यायची आणि मगच पावसाळ्यानंतरचा मडकी भाजायचा पहिला आवा पेटवायचा.

बाहत्तरच्या दुष्काळात माझा बाप मलप्पा आटलेल्या तळ्यात मरून पडलेला सापडला. तोंडाचा नुसता चेंदामेंदा. माझ्या आईनं, गंगम्मानं, तांब्याभर पाण्यात ते तोंड धुतलं तेव्हा पुढचा दात अर्धाच उरला होता. बाकीचा अर्धा तिनं दिवस मावळेपर्यंत गाळात चाचपडून शोधला. मिळाला नाही.

तळ्यात ओला गाळ तेवढा एका कोपऱ्यात राहिला होता. त्यावरून सकाळी बापाचं चंद्रप्पाशी वाजलं होतं. चंद्रप्पा कंधारहून पोटासाठी आलेला, परका. आळीला एवढं पुरलं. माझा सख्खा चुलता गुरुलिंग सगळ्यांच्या पुढं होता. लोकांनी चंद्रप्पाचे हात चाकावर दाबून धरले आणि गुरुलिंगनं दगडानं एकेक बोट ठेचलं. मी बापासाठी रडत होते. ते ओरडणं ऐकून रडायची थांबले. त्या हातांनी पुढं चंद्रप्पा जाणार तरी कुठं? तो आळीतच राहिला, दुसऱ्यांचा चिखल पायांनी तुडवत.

दहा वर्षांनी, लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी, गुरुलिंग आजारानं गेला, अंथरुणात, पोराबाळांच्या घोळक्यात. नव्या कचेऱ्यांना रांजण हवे होते, म्हणून अवसेला आवा चांगला मोठा रचला होता. गुरुलिंगचा थोरला, मन्मथ, गोणपाटात गुंडाळलेलं थापटणं मिरवत आला.

"आप्पाचं पयलं थापटणं! हरवलं म्हनायचे. माळ्याच्या पार कोपऱ्यात घावलं बघा."

तो मडकं थापटू लागला. दर फटक्याला ओल्या मातीवर एक ओरखडा उठत होता.

"थांब," आई म्हणाली. "काय घासायलंय ते?"

"खडा आसंल, मोठ्याई."

आईनं थापटणं ओढून घेतलं, उजेडाकडं फिरवलं आणि डोक्यातला आकडा काढून लाकूड टोकरलं. तिच्या तळहातावर दाताचा तुकडा पडला. पिवळा, अर्धा.

"ह्यो माझ्या नवऱ्याचा दात हाय," ती म्हणाली.

गुरुलिंगची बायको नीलाबाईनं आईचे पाय धरले. "वल्या गाळापायी केलं त्यांनी, अक्का. थापटणं इहिरीत टाकावं तर इहिरी कोरड्या. जाळायचं धाडस झालं न्हाई."

पुढं जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. मेलेल्या गुरुलिंगला कोण काय करणार? मन्मथ मात्र हाताशी होता. कुणीतरी त्याच्या पोटात लाथ घातली. डोक्यात दांडकं बसलं, कानावरून रक्त वाहू लागलं. ज्यांनी चंद्रप्पाला धरलं होतं त्यांनीच मन्मथला चाकापर्यंत फरफटत नेलं आणि त्याचे हात त्यावर दाबले. हात ठेचायची आळीला सवयच लागली होती. खोटं कशाला बोलू, वीट माझ्याही हातात होती.

दगड वर गेला तेवढ्यात गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला चंद्रप्पा धावत आला. त्यानं आपले वाकडे पंजे मन्मथच्या हातांवर पसरले.

"हाना. ह्ये तर मोडल्यालेच हायेत."

कुणी हाणलं नाही. दगड हळूच खाली आला. माझ्या हातातली वीट कधी पडली, मला कळलं नाही.

आई कुणाकडं न बघता आव्याशी गेली. तिनं थापटणं आव्याच्या तोंडाशी खुपसलं आणि काडी ओढली.

फाटलेल्या ओठानं मन्मथ ओरडला, "मोठ्याई, थापटणं जाळत न्हाईत!"

"माणसाचं जाळत न्हाईत," आई म्हणाली.

लाकडानं पेट घेतल्यावर तिनं आकाशाकडं तोंड करून हाक दिली, "मलप्पा!" मग आळीतल्या बाकीच्या मेलेल्यांची नावं घेतली, एक सोडून. ओरखडे उठलेलं ते मडकं तिनं उचलून चंद्रप्पाच्या पायांशी ठेवलं. त्यानं ते तुडवून पुन्हा चिखल केला.