दिवेवाली जळत नाही

“थांब गं. मेली म्हणालीस?”

सासूबाईंनी पांघरुणातून हात बाहेर काढला होता. छापखान्यात प्रुफे तपासणाऱ्या सुनेने, प्रूफबाईंनी, बोट ओळीवर तसेच ठेवले आणि तेवढेच पुन्हा वाचले. “‘त्या आगीत किल्ल्यातली म्हातारी दिवेवालीही जळून गेली.’ हो आई. मेली.”

“जळून?”

“जळून.”

“ती कशी जळेल? तिला जाळ लागत नाही.”

सकाळचे सहा वाजले होते. चहाचे आधण अजून ठेवायचे होते. बारा वर्षांपूर्वी सासूबाईंची नजर गेली, तेव्हापासून हा नेम होता. चहाच्या आधी एक पान मोठ्याने वाचायचे, आणि एकच. ताप असो, पाहुणे असोत, पान चुकायचे नाही. गोष्ट कितीही रंगली तरी दुसरे उलटायचे नाही. “माझा जीव टांगणीला लावून तू भाजी चिरायला जातेस,” अशी सासूबाईंची रोजची तक्रार असे. पण नेम म्हणजे नेम.

वाचायला पहिल्यापासून एकच गोष्ट होती. छापखान्यात जिला सगळे ‘नऊखंडी’ म्हणत ती अद्भुत कादंबरी. लेखक वीस वर्षे ती लिहीत होते. एक किल्ला, एक हरवलेला वंश, सव्वातीनशे माणसे. त्यातल्या प्रत्येकाजवळ लपवून ठेवलेली एक शक्ती, आणि प्रत्येक शक्तीची मोजावी लागणारी एक किंमत. वाचक त्यासाठीच वेडे होते. नववा, शेवटचा खंड आता छपाईला लागला होता आणि प्रूफबाई त्याची रद्द झालेली दुसरी प्रुफे घरी आणून वाचत होत्या.

“दुसऱ्या खंडात बघ,” सासूबाई म्हणाल्या. “पाळण्यात निखारा पडला, तो हिनं नुसत्या हातानं उचलला. आणि नावाड्याला म्हणाली, कुणाजवळ बोलू नकोस. मला नेमका तेव्हा हिवताप होता, म्हणून लक्षात राहिलं. ती पण कुडकुडत होती, मी पण.”

प्रूफबाईंना आठवण करून द्यायची गरज नव्हती. कपाटावर बुटांचे एक खोके होते. त्यात पुस्तकांच्या कव्हरांच्या जाड कातरणी होत्या आणि दर कातरणीवर एकेक पात्र लिहिलेले होते. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. पहिल्या खंडाच्या वेळी सोय म्हणून चार कातरणी केल्या आणि मग थांबता आले नाही. त्यांनी दिवेवालीची कातरण काढली. ‘शक्ती: आग पोळत नाही. किंमत: ऊब कधीच कळत नाही. ठाऊक: फक्त नावाड्याला. खंड दोन, पान १९१.’

मग त्यांनी प्रूफ पुन्हा हातात घेतले आणि ओळ नीट निरखली. ती ओळ छापलेली नव्हती. लेखकांनी ती दुसऱ्या प्रुफावर समासात हाताने घातली होती. म्हणजे पहिले प्रूफ अर्थासाठी वाचताना ती नव्हतीच. आणि अखेरचे प्रूफ प्रूफबाई नेहमी उलटे वाचत, ओळीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे, खाली पट्टी धरून. अर्थात गुंतले की अक्षर निसटते, हे त्यांना पहिल्याच वर्षी शिकवलेले होते. त्यामुळे ‘जळून’मधला ज, ळू आणि न त्यांनी नीट तपासला होता. जळले कोण, हे पाहिलेच नव्हते. आणि कालच ‘छापायला हरकत नाही’ असे लिहून खाली सही केली होती.

“तुझी सही झाली का?” सासूबाईंनी विचारले. त्यांना दिसत नसे, पण सुनेचा श्वास त्यांना वाचता येई.

“झाली.”

“मग चहा राहू दे. जा.”

देवाचे नाव घेऊन प्रूफबाईंनी खोकेच पिशवीत घातले.

*

छापखान्यात मशीन पुसले जात होते; त्यावर नवव्या खंडाचे फर्मे, म्हणजे एकेका मोठ्या कागदावर सोळा-सोळा पाने, छापायचे होते. मशीनवर काम करणारे मामा बावीस वर्षांपूर्वी प्रूफबाईंच्याच आठवड्यात लागले होते, आणि तेव्हापासून दोघांचे बोलणे कागदावरूनच चाले. ते एक ओला कागद दाखवणार, बाई मान हलवणार.

“मामा, चौथा फर्मा कधी घेताय?”

“आत्ताच. का?”

“त्यात चूक आहे. आणि शेवटच्या फर्म्यात पण. माझी आहे.”

मामांनी फडके खांद्यावर टाकले. “बाई, तुमची चूक? मग आज मी मशीन उलटंच फिरवतो.”

“थट्टा नको हो.”

“थट्टा नाही. मी बाकीचे फर्मे आधी घेतो. प्लेटा सावकाश लावतो. मला काय, कंबर दुखतेय. चारपर्यंत ढकलतो. पण वर सांगावं लागेल.”

वर मॅनेजर होता. वयाने प्रूफबाईंच्या मुलासारखा, बोलायला गोड, पण घड्याळाचा गुलाम. सोमवारी पुस्तक दुकानांत जायचे होते. त्याने कातरण वाचली, उलटून पाहिली. मागे दुसऱ्या खंडाच्या कव्हराचा निळा तुकडा होता.

“बाई, एक म्हातारी. सव्वातीनशे माणसांतली एक. लोकांच्या लक्षात येणार आहे का?”

“माझ्या सासूबाईंच्या आलं.”

“त्यांची गोष्ट वेगळी. बरं, एक ओळ काढून टाकू. मग ती मेलीच नाही. झालं?”

“तेवढ्यानं नाही होणार साहेब. ती जिवंत असेल तर शेवट खोटा पडतो.” प्रूफबाई हळू आवाजात बोलत होत्या, त्यांचा आवाज चढलेला छापखान्यात कोणी ऐकला नव्हता. “शेवटच्या प्रकरणात राजवंशाचं मूल बुरुजात अडकलंय. चारी बाजूंनी आग. राजपुत्राला आत जाता येत नाही. मग अचानक पाऊस येतो आणि आग विझते. पण आगीत जाऊ शकणारं माणूस त्याच अंगणात उभं होतं. लोक विचारतील, तिला का नाही पाठवलं?”

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. “हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“आधी माझ्या लक्षात आलं नाही. सही केली, ती माझीच चूक. तसं लिहून देते.”

“लिहून देऊन पुस्तक सोमवारी जाणार आहे का? लेखकसाहेब एक काना बदलला तर फोनवर तासभर ओरडतात. त्यांना कोण सांगणार?”

“मी जाते.”

“चार वाजेपर्यंत. चारला मी फर्मा चढवतो. आहे तसा.”

प्रूफबाईंनी कातरण त्याच्या हातातून अलगद घेतली आणि खोक्यात तिच्या जागी ठेवली.

*

लेखक तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. दार उघडले तेव्हा त्यांच्या अंगात उलटा घातलेला स्वेटर होता.

“छापखान्यातून? काही जळलं का तिकडे?”

“तिकडे नाही. तुमच्याकडे जळलंय,” प्रूफबाई म्हणाल्या, आणि आपण हे बोललो याचे त्यांनाच नवल वाटले.

लेखकांनी त्यांना कधी पाहिले नव्हते. वीस वर्षे समासातल्या बारीक, सरळ प्रश्नचिन्हांशी त्यांचा पत्रव्यवहार होता; ती कोण काढते हे त्यांनी विचारले नव्हते. कातरण त्यांनी उभ्याउभ्याच वाचली. मग चष्मा शोधून पुन्हा वाचली. मग खुर्चीवरचा कागदांचा ढीग जमिनीवर ठेवला. बाईंना बसायला जागा झाली. ते स्वतः उभेच राहिले.

“हे मी लिहिलंय?”

“दुसरा खंड. पान एकशे एक्क्याण्णव.”

“आणि मी तिला जाळलं.”

“एका ओळीत.”

लेखक खिडकीपाशी गेले. “तुम्हाला वाटतं मला तो पाऊस आवडला होता? चार महिने मी त्या बुरुजाखाली उभा आहे. आत मूल रडतंय आणि मला कुणी सापडत नाही. शेवटी थकलो आणि ढग आणले.” ते वळले. “ह्या खोक्यात काय आहे?”

“सगळे.”

“सगळे म्हणजे?”

“तुमची सगळी माणसं. सव्वातीनशे.”

लेखकांच्या डोळ्यांत परीक्षा घेणाऱ्या मास्तरांची चमक आली. “नावाडी?”

बाईंनी खोके उघडलेही नाही. “कुणी खोटं बोललं की त्याच्या उजव्या कानात माशी गुणगुणते. स्वतः खोटं बोलला तर आठवडाभर बहिरा.”

“डाव्या कानात.”

“सातव्या खंडात तुम्ही डावा केला होतात. मी शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं. तुम्ही ‘उजवा, आभार’ असं लिहिलंत.”

“धाकटी राणी?”

“दुसऱ्याची झोप उसनी घेते. ज्याची घेतली त्याची स्वप्नं हिला पडतात.”

“मुदपाकखान्यातला तो जाड्या?”

“त्याची सावली त्याच्याआधी पोचते. म्हणून त्याला चोरी करता येत नाही.”

लेखक हसायला लागले. हसता हसता खाली बसले, जमिनीवरच, त्या कागदांशेजारी.  मग म्हणाले, “मी समजत होतो, हे राज्य माझ्या डोक्यात आहे. माझ्या डोक्यात अर्धं पण नाही उरलेलं. सांगा, तुमचं मत काय? म्हातारीनं जावं आत?”

“मत नाही माझं. नोंद आहे.”

“मग नोंद काय म्हणते?”

प्रूफबाईंनी पदर सावरला. बावीस वर्षांत त्यांनी समासात स्वतःचा एक शब्द लिहिला नव्हता. खुणा केल्या होत्या, प्रश्नचिन्हे टाकली होती. “नोंद म्हणते, तिला आग लागत नाही, आणि तिला ऊब कळत नाही. पहिलं तुम्हाला आता आठवलं. दुसरं पण विसरू नका.”

लेखकांनी पेन उचलले.

बाईंनी फक्त एक अट घातली, आणि ती त्यांची नव्हती, फर्म्याची होती. पावसाच्या चौतीस ओळी जात होत्या. त्यांच्या जागी चौतीसच आल्या पाहिजेत, नाहीतर पुढची सगळी पाने सरकतील. लेखक लिहीत होते. मधूनच विचारत, “दिवे लावायच्या काठीला ती काय म्हणते?” बाई सांगत, “थोरली.” पुन्हा पेन चाले. दोन वाजता त्यांनी कागद पुढे केले. बाईंनी ओळी मोजल्या.

“पस्तीस.”

“कापा तुम्ही.”

“मी?”

“वीस वर्षं राखण केलीत. एक ओळ कापायचा हक्क नाही का?”

प्रूफबाईंनी पेन्सिल काढली.   म्हातारी आगीत पाऊल टाकते तिथे लेखकांनी तिच्या धैर्याची एक मोठी, सुंदर ओळ लिहिली होती. बाईंनी तिच्यावरून सरळ रेघ ओढली.

लेखक कळवळले. “अहो, सगळ्यात चांगली ओळ आहे ती.”

“चांगलीच आहे. पण ती आत गेली हे दिसतंय की. सांगायला कशाला पाहिजे?”

लेखकांनी रेघेकडे पाहिले, मग मान डोलावली. पाठोपाठ त्यांनी मॅनेजरला फोन लावला. तिकडचे बोलणे ऐकू येत नव्हते, इकडचे एवढेच होते: “ओरडत नाहीये मी. सांगतोय. या बाईंनी बघितल्याशिवाय एक पान छापायचं नाही. सोमवार? सोमवार दर आठवड्याला येतो.”

*

साडेतीनला कागद छापखान्यात पोचले. अक्षरजुळणीवाल्या मुलीने जेवणाचा डबा बाजूला सारला. चौथ्या फर्म्यातली ओळ बदलली. आता दिवेवाली धुरात दिसेनाशी झाली होती, एवढेच. बाईंनी नवे प्रूफ एकदा सुलटे वाचले, एकदा उलटे, मग पुन्हा सुलटे. जुन्या सहीवर काट मारून शेजारी नवी सही केली. दोन्ही प्लेटा नव्याने निघाल्या. मॅनेजर तीनदा खाली येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात चहा होता. तो त्याने प्रूफबाईंच्या टेबलावर ठेवला आणि वर गेला. सकाळपासूनचा तो त्यांचा पहिला चहा.

मामांनी चौथा फर्मा काढला आणि सहाच्या सुमारास शेवटची प्लेट चढवली. खिडकीतून तिरपे ऊन आत आले होते. पहिले दहा-वीस कागद शाई बसेपर्यंत वाया गेले. मग त्यांनी मशीन थांबवले, एक कागद दोन्ही हातांनी उचलला आणि नेहमीप्रमाणे बाईंपुढे धरला. पण या वेळी ते स्वतःही वाकून वाचत होते. मॅनेजर जिन्यात थांबला होता. अक्षरजुळणीवाली मुलगी दारात आली होती. तिने जुळवताना वाचले होते, तरी आली होती.

प्रूफबाई वाचू लागल्या. राजपुत्र गुडघे टेकून बसला होता. बुरुजाच्या दारातून ज्वाळा बाहेर येत होत्या. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी त्याच्या खांद्याला धरून त्याला बाजूला केले, जसे दिवा लावताना वाटेतल्या मुलांना करतात. म्हातारीने थोरली भिंतीला टेकवली, पदर खोचला, आणि आत गेली. सगळे ओरडले, एकटा नावाडी ओरडला नाही, कारण त्याला ठाऊक होते. मग बराच वेळ कोणी दिसत नव्हते. मग ती दिसली. पदर जळाला होता, केस जळाले होते, ती जळाली नव्हती. मूल तिच्या छातीशी होते. अंगणाच्या मधोमध ती थबकली. लोकांना वाटले, दमली. ती दमली नव्हती. छातीशी काहीतरी होते, ते काय आहे हे तिला समजत नव्हते; उभ्या जन्मात तिला ते कधी झाले नव्हते. मुलाचे अंग ऊबदार होते.

मामांनी बाहीने नाक पुसले आणि शाई लागेल म्हणून कागद लांब धरला.

“बाई, काही राहिलंय का?”

प्रूफबाईंनी कागदाच्या चारी कडा पाहिल्या, पानांचे आकडे पाहिले, शेवटची ओळ पुन्हा पाहिली.

“नाही. करा सुरू.”

मामांनी कळ दाबली. मशीन आधी कुरकुरले, मग लयीत आले. मॅनेजर जिन्यातून खाली उतरला आणि बाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला, एक पाऊल मागे.   एकावर एक कागद पडत होते, शंभर, दोनशे, पाचशे. आणि प्रत्येक कागदावर ती म्हातारी मुलाला घेऊन जाळातून बाहेर येत होती.