दगड हलवण्याआधी

हाफ्लिदीच्या पित्ताशयात एकच खडा निघाला. डॉक्टरीण ईसगेर्दने अल्ट्रासाउंडचा पडदा त्याच्याकडे वळवला. काळोखात पांढरा गोटा आणि मागे त्याची लांब सावली, जणू उतरत्या उन्हात माळावर बसलाय.

"लोकांना वाळू होते, चुरा होतो," ती म्हणाली. "तुझा एकटाच आहे. थोराड आहे. तोंडाशीच ठाण मांडून बसलाय. पित्ताशयासकट काढून टाकू."

हाफ्लिदीने शर्ट खाली ओढला. पोटावरचा चिकट मलम शर्टाला लागला.

"विचारलंस का पण?"

"तुलाच तर विचारतेय."

"मला नाही गं."

ईसगेर्दने पेन खाली ठेवलं. ती त्याच खाडीकाठच्या गावात वाढलेली, शिकायला परदेशी जाऊन आलेली. शिक्षण तिच्या चेहऱ्यावर आलं, पण तोंडातून गावच बाहेर पडलं. "मुदत किती हवी?"

"बघतो."

"बघ, पण घोळ घालू नकोस. हा तोंडात रुतून बसला तर पित्ताशय सुजेल, आत सडेल. मग मी कोणालाही विचारणार नाही. तुलासुद्धा."

हाफ्लिदी खोदयंत्र चालवायचा. चौदा वर्षांपूर्वी गावाचा नवा रस्ता झाला तेव्हा कुरणाच्या मधोमध दोन गायींएवढा दगड आडवा आला. मोठ्या दगडांत डोळ्यांना न दिसणारी माणसं राहतात असं गाव मानतं, म्हणून असा दगड निघाला की काम थांबतं, ती माणसं ओळखणाऱ्या मालफ्रीदला बोलावणं जातं. ती दगडापाशी तासभर बसते आणि आत कोणी राहतं का, राहत असेल तर हलायला किती दिवस लागतील, ते सांगते. त्या खेपेला ती उठली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "बिऱ्हाड आहे. लेकुरवाळं आहे. उन्हाळा लागेपर्यंत थांबा, नाहीतर रस्ता वळवा."

डांबरवाले सोमवारी यायचे होते. हाफ्लिदीने शुक्रवारी, जेवणानंतर, नऊ मिनिटांत दगड ढकलून दिला.

काही झालं नाही. यंत्र बंद पडलं नाही, कोणाचा पाय मोडला नाही, गाय आटली नाही. रस्ता पट्टीने आखल्यासारखा सरळ झाला. नोव्हेंबरात त्याचा धाकटा भाऊ बेर्सी त्या सरळ रस्त्यावरून एकशेदहाच्या वेगाने आला आणि रस्ता संपल्यावरही सरळच गेला, समुद्रात. दगड असता तर तिथे वळण असतं. वळण असतं तर कोणीही चाळिसाच्या वेगाने आला असता, बेर्सीसुद्धा.

तेव्हापासून गाव तिथे वळतं. सरळ रस्त्यावर सगळे वेग कमी करतात, चाक डावीकडे घेतात, नसलेल्या दगडाला वळसा घालून पुन्हा मूळ रांगेत येतात. बाहेरून बदलून आलेल्या एका पोलिसाने एकदा पाद्रीबाबांनाच थांबवून नळीत फुंकायला लावलं होतं. काही निघालं नाही.

"मग वळलात कशाला?" पोलिसाने विचारलं.

"दगड आहे ना."

"कुठाय?"

"होता."

हाफ्लिदीला कोणी एका शब्दाने बोललं नाही. गावाने त्याची चूक पोटात घातली. त्याने मात्र ती पोटात ठेवली. दोन्हींतला फरक अल्ट्रासाउंडवर दिसतो.

दुखणं सुरू झालं ते हिवाळी जेवणावळीत. अर्धी भाजलेली मेंढीची मुंडी आणि आंबवलेल्या चरबीचे चार तुकडे खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कोणीतरी गुडघा मारला. इतर कोणी असता तर ओरडला असता. हाफ्लिदी टेबलाशी गप्प बसून राहिला, कारण तो गुडघा त्याच्या ओळखीचा होता. लहानपणी दोघं भाऊ एका खाटेवर झोपायचे. बेर्सी उजवीकडे. कुशीवर वळताना तो नेमका तिथेच गुडघा रोवायचा, एक उसासा टाकायचा आणि पुन्हा गाढ झोपायचा. हे दुखणंही तसंच वळायचं, उसासायचं, निजायचं.

बायकोला, गुद्नीला, वेगळीच शंका आली. "दुखताना तू हसतोस का रे?"

"नाही."

"हसतोस. काल मटण खाताना घामाने डबडबला होतास आणि गालात हसत होतास. वर आणखी वाढून घेतलंस."

"चव चांगली होती."

"माझ्या हातची? बत्तीस वर्षांत पहिल्यांदा?" तिने कॉफी ओतली, त्याच्या कपात साय घातली नाही. "काढून टाक रे. माझ्या बहिणीने काढलं, आता सुखाने केक खाते."

"तुझ्या बहिणीला भाऊ नव्हता."

"त्याचा केकशी काय संबंध?"

संबंध होता, पण सांगता येण्यासारखा नव्हता. सांगायचं म्हणजे असं की चौदा वर्षांनी बेर्सी घरी आला होता, जागा जरा अडचणीची निवडली होती, आणि आता डॉक्टर त्याला दुसऱ्यांदा घराबाहेर काढायला सांगत होती. हाफ्लिदीने आठवडा मागितला. मग महिना. मग ईसगेर्दने फोनवर नुसता श्वास घेतला.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, भर दुपारी, खोदयंत्रात बसलेला असताना बेर्सी वळला तो थांबेचना. हाफ्लिदी दीड तास चाकावर डोकं टेकून होता. मुकादम खाली उभा राहून विचारत होता, "मेलास का?" आणि तो प्रामाणिकपणे म्हणत होता, "अजून कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी तो मालफ्रीदकडे गेला. ती आता शहाऐंशीची, वृद्धाश्रमात. विणकाम करत टीव्हीवर हँडबॉल बघत होती.

"दगड बघायचाय," तो म्हणाला.

"कुठल्या रस्त्यावर?"

त्याने शर्ट वर केला. मालफ्रीदने त्याच्या पोटाकडे पाहिलं, टीव्हीचा आवाज बंद केला, आणि थंडगार हात उजव्या बरगडीखाली ठेवला. बराच वेळ ठेवला. टीव्हीवर कोणीतरी मुक्याने गोल केला.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"नीट बघ."

"जन्मभर बघितलंय मी. इथे दगड आहे आणि तू आहेस."

"त्या कुरणातल्या दगडात होते, त्यांचं काय झालं? कुठे गेले ते?"

मालफ्रीदने विणकाम उचललं, दोन टाके घातले, एक उसवला.

"त्यातही कोणी नव्हतं."

हाफ्लिदीचा शर्ट अजून वरच होता.

"लेकुरवाळं बिऱ्हाड म्हणालीस."

"मेंढ्या लेकुरवाळ्या होत्या. माझ्या बहिणीच्या. त्याच कुरणाशेजारी व्यायच्या होत्या. तुझं ते धूड धडधडत आलं की गाभडतात. मी सरळ सांगितलं असतं तर कोणी थांबलं असतं? मेंढ्यांसाठी या देशात रस्ता थांबत नाही."

"म्हणजे मी कोणाचं घर मोडलं नाही."

"नाही."

"मग बेर्सीला कोणी नेलं?"

"कोणी नाही रे बाबा. गाडी जोरात होती." तिचे हात थांबले. "मला वाटलं होतं, तुला कोणावर तरी ढकलता येतंय तर बरंय. त्यांच्यावर. म्हणून बोलले नाही."

हाफ्लिदीने शर्ट खाली घेतला. चौदा वर्षं तो त्या बिऱ्हाडाची मनात माफी मागत होता, रोज, दात घासताना. आता ती माफी पत्ता चुकलेल्या पत्रासारखी हातात उरली.

"मी माफी कोणाची मागू?"

"ज्याची मागायचीय त्याची."

"तो कुठाय?"

"देवळामागे, कबरींची तिसरी रांग," मालफ्रीद म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत आहे." आणि तिने टीव्हीचा आवाज सुरू केला.

तो देवळामागे गेला नाही. गाडीत बसला, ईसगेर्दला फोन करून तारीख घेतली आणि उजव्या बरगडीवर हात ठेवला. कोणी नाही, असं जाणकार बाईने सांगितलं होतं. पण रीत ती रीत. मुदत दिल्याशिवाय एकदा दगड हलवून झाला होता.

"बेर्सी," तो मोठ्याने म्हणाला. बाहेर एक म्हातारा कुबडीवर थांबून बघायला लागला. "माझं चुकलं. मी थांबायला हवं होतं. पुढच्या गुरुवारी काढणार आहेत. तोवर बघ काहीतरी."

आतून काही हाललं नाही. त्या दिवशी नाही, शुक्रवारी नाही, रविवारी गुद्नीने वैतागून लोण्यात तळलेला मासा पुढ्यात ठेवला तरी नाही. हाफ्लिदीने सगळा मासा खाल्ला आणि उजव्या कुशीला जागा करून वाट बघितली. बरगडीखाली नुसती शांतता होती, घर रिकामं करून, झाडूनपुसून गेल्यावर असते तशी.

"दुखत नाही, तर रडतोस कशाला?" गुद्नी म्हणाली.

गुरुवारी ईसगेर्दने पुन्हा पडदा लावला. खडा जागच्या जागी होता, सावलीसकट.

"किती दिवस दुखलं नाही म्हणतोस?"

"आठ."

तिने पडद्यावर खड्याचं माप घेतलं. "मोठे खडे असे गप्प बसतात कधीकधी. माझं मत विचारशील तर काढावा. पण आठ दिवस दुखायचं थांबलंय, घाई नाही. थांबायचं असेल तर थांबू. हे तू ठरव."

पाच महिने त्याला हेच हवं होतं. दगड राहू दे, असं कोणीतरी शिकलेल्या माणसाने म्हणायला हवं होतं. त्याने पडद्यावरच्या पांढऱ्या गोट्याकडे पाहिलं. किती साधा होता. आत जायला दार नाही, खिडकी नाही.

"काढ," तो म्हणाला. "आता त्यात कोणी नाही."

ईसगेर्दने मान डोलावली आणि कागद पुढे केला. सही इथे, तारीख इथे, आणि खाली, सोबत कोण आहे.

हाफ्लिदीने सही केली, तारीख घातली. मग लिहिलं : कोणी नाही.

"अरे!" शेजारच्या खुर्चीतून गुद्नी म्हणाली. "मग मी इथे कोण बसलेय?"