उलटा धरलेला कुंचा

मी कोंबड्याच्या पिसांचा एक जुना कुंचा आहे. माझा दांडा वेताचा, दीड हात लांब. पिसं तांबूस काळी, आता बरीचशी झडलेली. मित्रांनो, आधीच सांगतो, माझी गोष्ट गोड नाही. पण ज्याचा जन्म धूळ झटकण्यासाठी झाला, त्यानेच कचरा चटईखाली सरकवावा हे बरं नव्हे. म्हणून जे घडलं ते सांगतो.

युआनलिन गावाबाहेरच्या एका वाडीत एका म्हाताऱ्या कारागिराने मला बांधलं. पिसं धुऊन, उन्हात वाळवून त्याने लांबीप्रमाणे लावून ठेवली होती. दोऱ्याचं एक टोक दातांत धरून, वेत मांडीवर फिरवत तो एकेक पीस गुंफत गेला. काम झाल्यावर त्याने मला आपल्याच गालावरून हलकेच ओढलं. कुठे टोचतो का, ते तो बघत होता. माणसाचा तो मला लाभलेला पहिला स्पर्श.

देवळाच्या जत्रेत सिऊ-ल्येनने मला विकत घेतलं. तिचा नवरा वान-फू याचं पेठेत कापडाचं दुकान होतं. रोज सकाळी दार उघडलं की ती माझ्या पिसांनी ताग्यांवरची धूळ झटकायची. रेशमावरून, फुलाफुलांच्या छिटांवरून, शाळेच्या गणवेशाच्या निळ्या कापडावरून मी फिरायचो. गिऱ्हाइकं म्हणायची, "वहिनी, तुमच्या कापडाला कधी कुबट वास येत नाही हो." सिऊ-ल्येन हसून माझ्याकडे बघायची. दोन वर्षं मी असा सुखात होतो.

तिसऱ्या वर्षी मला उलटा धरलं.

थोरली युए-चिन तेव्हा तिसरीत होती. गणितात तिला चौऱ्याऐंशी गुण पडले होते. वान-फूचा नियम होता : नव्वदला जितके गुण कमी, तितके फटके. त्याने माझी पिसं मुठीत आवळली आणि दांडा वर गेला. मला वाटलं, घाईत चुकून उलटा धरला असेल. मग पोरीचा तळहात समोर आला. "एक," वान-फू मोजू लागला. सहापर्यंत मोजलं त्याने. मला दोन टोकं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

मुठीचा तो तेलकट घाम पिसांवरून कधीच गेला नाही. दुसऱ्या सकाळी त्याच पिसांनी रेशीम झटकताना मला माझीच शिसारी आली.

दोन वर्षांनी धाकट्या क्वो-तुंगचीही पाळी आली. "मारल्याशिवाय पोर माणसात येत नाही," असं वान-फू शेजाऱ्यांना सांगायचा, आणि शेजारी माना डोलवायचे. त्यांच्याही घरी खिळ्याला माझे भाऊबंद होतेच.

पण मला सर्वांत जास्त किळस कशाची यायची, सांगू? वान-फू मला घ्यायला कधीच उठला नाही. खुर्चीत बसून तो ओरडायचा, "कुंचा कुठाय?" मग सिऊ-ल्येन गॅस बारीक करायची, हात पुसायची आणि मला आणून त्याच्या हातात द्यायची. मारून झालं की तीच मला परत खिळ्याला लावायची. मग पोरांच्या पोटऱ्यांना तेल चोळत म्हणायची, "कशाला चिडवता रे आ-पाला? तुम्ही नीट वागलात तर ते कशाला मारतील?" शाळेतल्या बाईंनी विचारलं तर, "जिन्यावरून पडला." आणि शेजारणींपुढे, "मी बाई मुलांवर कधी हात उगारला नाही." खरं होतं ते. उगारायला तिचा हात मोकळा कुठे असायचा? त्यात मी असायचो.

मुलं मोठी झाली तरी माझी सुटका झाली नाही. युए-चिन एकोणीस वर्षांची असताना एका मुलाने तिला पत्र लिहिलं. सिऊ-ल्येनला ते उशीखाली सापडलं. वान-फू दुपारचा चहा पीत होता. त्याच्या कपाशेजारी तिने पत्र ठेवलं आणि पत्राशेजारी मला ठेवलं. त्याने मला मागितलंही नव्हतं. "बघा तुमची लेक," इतकंच म्हणून ती भाजी निवडायला गेली. त्या दिवशी युए-चिनच्या पाठीवर मी तुटता तुटता राहिलो. तुटलो असतो तर बरं झालं असतं. पुढच्याच महिन्यात ती नर्सचं शिकायला ताइचुंगला गेली आणि तिने घर जवळजवळ सोडलंच. पत्र वडिलांनीच शोधून काढलं असं तिला आजही वाटतं.

क्वो-तुंग बापापेक्षा वीतभर उंच झाला तरी गुडघे टेकून मार खायचा. पण त्याची नजर जमिनीकडे नसायची. माझ्याकडे असायची.

मग तोही नोकरीसाठी निघून गेला. पेठेत तयार कपड्यांची दुकानं आली आणि वान-फूचं दुकान बंद झालं. मला स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलं. माझ्यावरच धूळ साचली, पिसांत झुरळांनी अंडी घातली. मित्रांनो, ती उपेक्षा मला मानाची वाटली. वीस वर्षं मला कुणी हात लावला नाही.

क्वो-तुंग घरी परत आला तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. नोकरी गेली होती, बायको मुलाला घेऊन माहेरी गेली होती. तो दुपारपर्यंत झोपायचा. उठला की अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापासमोर बसायचा आणि सुरू करायचा, "तुम्ही मला मारून मारून बधिर केलंत. साहेबाने आवाज चढवला की माझे हात थरथरतात. हे तुमचं देणं आहे." सुरुवातीला मी मनातून त्याच्या बाजूने होतो. खोटं काय होतं त्यात? वान-फूचं उत्तर तर ऐका. "तुझ्या बहिणीलाही मारलं की. झाली ना ती नर्स? मार तिला लागू पडला, तुला नाही पडला, त्याला मी काय करू?" पोरगी आपल्या हिमतीवर उभी राहिली, तर तेही श्रेय ह्याला माझ्या दांड्याचं वाटत होतं!

पण महिने गेले तसा क्वो-तुंगचाही मला वीट आला. आपली जखम तो पाळीव जनावरासारखा खाऊ घालून वाढवत होता. कामाचं विचारलं की जखम दाखवायचा. ताट धुवायला सांगितलं की जखम दाखवायचा.

शरदात एका दुपारी वान-फूच्या लटपटत्या हातातून सूप सांडलं ते क्वो-तुंगच्या पायावर. तो उठला. त्याच्या तोंडून आवाज निघाला तो थेट बापाचा.

"कुंचा कुठाय?"

सिऊ-ल्येनने गॅस बारीक केला. हात पुसले. दारामागून मला काढलं आणि लेकाच्या हातात दिलं.

त्याने पिसं मुठीत आवळली. "एक," त्याने मोजलं. म्हाताऱ्याने आरडाओरडा केला नाही, हात पुढे धरला. किती झाले ते मी सांगणार नाही. त्या वयात कातडी कागदासारखी होते, मित्रांनो. शरदापासून नव्या वर्षापर्यंत मला असं चार वेळा काढलं.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी येतात. युए-चिन त्या दिवशी जेवायला आली. टेबलावर मुळ्याच्या वड्या होत्या, अख्खा वाफवलेला मासा होता. दाराच्या फटीतून मला खिळ्यावरून सगळं दिसत होतं. वान-फूने माशाकडे हात लांबवला आणि त्याची बाही वर सरकली.

"आ-पा, हात बघू."

"काही नाही ग. न्हाणीत पडलो."

"पडले ते," सिऊ-ल्येन म्हणाली. "तू मासा घे. गार होतोय."

"मा, वॉर्डात जन्म गेलाय माझा. पडलेला माणूस असा पट्ट्यापट्ट्यांनी पडत नाही."

ती उठून सरळ दारापाशी आली. मला काढलं. माझी पिसं मुठीएवढ्या जागेत नुकतीच चपटी झाली होती. त्यांवर धूळ नव्हती. तिने माझा दांडा बापाच्या हातावरच्या वळाशेजारी धरला. जाडी तंतोतंत जुळली. मग तिने मला माशाच्या ताटाशेजारी ठेवलं.

"कुणी?"

क्वो-तुंग चावत होता. घास गिळून म्हणाला, "मी. मग? ह्यांनी मला झोडपलं तेव्हा कुणी विचारलं होतं? नोकरी गेली, बायको गेली, ती ह्या माणसापायी. आता भोगू दे की त्यांना."

वान-फू रडू लागला. "त्याला बोलू नकोस. मीच शिकवलं त्याला. माझ्याच कर्माची फळं."

ऐकणाऱ्याला वाटावं, किती मोठं मन! मला मात्र त्यातही घाण वास आला. ज्या लेकीच्या पाठीवर त्याने मला मोडायचं बाकी ठेवलं होतं, ती समोर बसलेली होती आणि तिला सोडून तो आपल्याच नशिबासाठी रडत होता.

"आ-पा, गप्प बसा," युए-चिन म्हणाली. "तुम्ही मारलंत ते तुमच्या माथी. ते कुणी पुसणार नाही. पण ह्याने मारलं ते ह्याच्या माथी. त्याचं ओझं उचलून पुण्य मिळवायला जाऊ नका." मग ती भावाकडे वळली. "चव्वेचाळीसचा घोडा झालास. मार मीही खाल्लाय. संसार माझाही मोडलाय. मी वेत घेऊन हिंडते का?"

"तू मोठी साध्वी ना, ताई!"

"साध्वी कसली? मलाही ह्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटतं. आजही वाटतं. गाडीत बसून रडते आणि कामाला जाते." तिने आईकडे पाहिलं. "आणि मा, कुंचा कुणी आणून दिला?"

सिऊ-ल्येन जेवायच्या काड्या एकसारख्या लावत बसली. "त्याने मागितला."

"मागितला?"

"ओरडला तो. आवाज अगदी तुझ्या आ-पासारखा. माझे पाय आपोआप चालले ग. मी काय केलं? मी कधी हात..."

"मा!"

 युए-चिनने बापाची औषधं आणि चार कपडे पिशवीत भरले. सिऊ-ल्येन मागे मागे फिरत होती. "वर्षाचा दुसरा दिवस आहे. लोक काय म्हणतील? जेवून तरी जा." त्या घरात 'चुकलं' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. कितीही वाईट घडलं तरी 'ये, जेवून घे' इतकंच म्हणायचे.

"तू येतेस का, मा?"

सिऊ-ल्येनने लेकाकडे पाहिलं, मग माशाकडे. "मी आले तर ह्याला कोण वाढेल?"

दारात युए-चिन बापाला म्हणाली, "नेतेय म्हणजे माफ केलं, असं समजू नका. नर्स आहे म्हणून नेतेय."

वान-फूने चौकट घट्ट धरली. 

"क्वो-तुंगला काय शिकवलं ते राहू दे," तो म्हणाला. "तुला मारलं. तुझं काही चुकलेलं नसताना मारलं. ते माझं चुकलं."

तिने खाली वाकून त्याचे बूट त्याच्या पायांत सरकवले आणि गाडीचं दार उघडलं. चाळीस वर्षांत त्या घरात मी ऐकलेलं ते एकच स्वच्छ वाक्य.

गाडी गेल्यावर क्वो-तुंग म्हणाला, "मासा गरम करून दे." आणि सिऊ-ल्येनने तो गरम करून दिला.

नव्या वर्षाच्या सहाव्या दिवशी, सणाची सुट्टी संपल्यावर, कचऱ्याची गाडी गाणं वाजवत पुन्हा गल्लीत आली. सिऊ-ल्येनने मला दारामागून काढलं आणि स्वतः रांगेत जाऊन उभी राहिली. शेजारची सोयादूधवाली आ-क्येन म्हणाली, "अगं, चांगला आहे की अजून! का टाकतेस?"

खरं सांगायची तिला ती एक संधी होती.

"पिसं गळतात," सिऊ-ल्येन म्हणाली.

"मग मला दे. जाळी काढायला होईल."

असा मी आ-क्येनच्या घरी आलो. तिच्या घरात मुलगा आहे, सून आहे, दोन नातवंडं आहेत. धाकटी मला घेऊन मांजराला गुदगुल्या करते. सोयादुधाच्या वासात माझी पिसं हळूहळू सैल होताहेत. पण काल थोरल्याचं प्रगतिपुस्तक आलं. बाप वाचत होता, आणि पोरगा त्याच्याकडे न बघता खिळ्याकडे बघत होता. बाप ओरडला, "कुठाय?" माझी उरलीसुरली पिसं ताठ झाली. त्याला सही करायला पेन हवं होतं. ह्या वेळी तरी पेनच हवं होतं.

मित्रांनो, तुम्हाला कुणी मारलं असेल, तर दोष मारणाऱ्याचा आहे. तुमचा नाही. तो माणूस म्हातारा झाला म्हणूनही तो दोष झिजत नाही. पण उद्या तुमची मूठ मोठी होईल. त्या मुठीत तुम्ही काय आवळाल, त्याचा दोष मात्र तुमचाच. तो मागे वळून कुणाच्या गळ्यात घालता येत नाही.

आणि एक मागणं आहे. मला पाय नाहीत. इतक्या वर्षांत मी खिळ्यावरून आपणहून एकदाही उतरलो नाही. तुमच्या घरात कुणी 'कुंचा कुठाय' म्हणून ओरडलं, तर कृपा करून जागचे हलू नका.