घोडा ओढल्याचा आवाज

शिमगा जवळ आला की रत्नागिरीतल्या दाजींच्या दुकानात देव, दैत्य आणि राजे एकाच दोरीवर वाळत असतात. नमनाचे खेळ करणाऱ्यांना कपडे-हत्यारं भाड्याने देणं हा त्यांचा धंदा. त्या दुपारी कमळा दिराला, लवूला, घेऊन आली.

"यंदाच्या नमनातला वग मी लिहिलाय, दाजी. त्यात बोटीचा मालक हाय. त्याला रिव्हॉल्वर हवं."

"आणि मालक हे?" दाजी लवूकडे बघून हसले. "अंगावर मांस नाय, शेट कसले शोभतील?"

"शोभतील. भावाच्या जागेवर तांडेल म्हणून शोभतायत की."

लवूने मान खाली घातली.

भाद्रपदातल्या वादळात बोट हाकत होता तांडेल दर्शन, कमळाचा नवरा. मालक भावेशशेट बोटीवर होता, लवूही होता. बोट परतली ती दर्शनची नुसती टोपी घेऊन. जाळं ओढताना तोल गेला, असं शेट म्हणाला. बंदरावर मात्र कुजबुज होती, की शेटने रिव्हॉल्वर रोखून त्याला ओढायला लावलं. पोलिसांपुढे लवू म्हणाला, "मी खाली झोपलेलो. काय बघितलं नाय." मग त्यालाच तांडेल केलं.

कमळा रडली नाही. मासळी सुकवताना, चूल फुंकताना एकच ओवी घोळवत राहिली:

दर्या गिळतो गो बाई, दर्या देतो परतून
माणसानं गिळलेलं, कोण काढील आतून?

आज ती तेच काढायला आली होती.

दाजींनी दोन रिव्हॉल्वरं मांडली. खोटीच, पण वजनदार. "दोन्हींचा घोडा दर वेळी अंगठ्यानं मागं ओढायचा, मगच चाप. हे आखूड, चकचकीत. हे लांब नळीचं, लाकडी मुठीचं."

"तुम्हीच निवडा, भावजी. हात तुमचा."

लवूने आखूड उचललं, लगेच ठेवलं. "हे पोरांच्या खेळण्यातलं वाटतं." मग लांब नळीचं घेतलं. घोडा ओढला. कट्, कट्, कट्. त्याचा चेहरा उतरला.

"हां, आवाज असाच. फक्त मूठ काळी होती, आणि खाली कडी..."

पुढचं तोंडातच राहिलं.

"कोणाची मूठ, भावजी?" कमळाने बाळाला जोजवताना विचारावं तसं विचारलं. "तुम्ही तर झोपलेलात."

"वयनी, मला पोरं हायत गो."

"ह्यांनाही होती." ती दाजींकडे वळली. "हेच द्या. मूठ काळी रंगवा, कडी लावा." मग पुन्हा लवूकडे. "शेट पहिल्या खुर्चीवर बसतो, मागे सगळं बंदर. त्याच्याकडे बघून घोडा ओढायचा. पुढचं वाक्य मी लिहिलेलं नाय. मला कुठं ठाऊक, तो काय बोलला? तेवढी जागा मोकळी ठेवलीय."

दोरीवरचा रावणाचा झगा वाऱ्याने हलला. लवूचा अंगठा अजून घोड्यावरच होता.

"बोलला," लवू पुटपुटला, "'जाळं सोडून माघारी फिरलास, तर घरी तुझी टोपी जाईल.'"

कमळाने क्षणभर डोळे मिटले. टोपी घरी खुंटीला होती. रोज ती तिच्यावरची धूळ झटकत होती.

"वगात ह्यांचं काम मी करणार," ती म्हणाली. "तीच टोपी घालून." ती रिव्हॉल्वरसमोर ताठ उभी राहिली. "ओढा घोडा. परत बोला. मागच्या रांगेला ऐकू आलं पाहिजे."