भांड्याखालची पट्टी

चर्चच्या मंडळीच्या सहभोजनाला सगळ्यांची भांडी सारखीच दिसतात, म्हणून गावातली प्रत्येक बाई आपल्या भांड्याच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिते. तरी भांडी भटकायची ती भटकतातच. एखाद्याच्या मयताला गेलेलं भांडं दोन वर्षांनी तिसऱ्याच कुणाच्या लग्नात सापडतं. आणि भांडं परत करायचं तर रिकामं करायचं नाही. अगदी काही नसलं तर घरचे दोन पाव तरी घालायचे.

म्हणून त्या शुक्रवारी सकाळी पायरीवर ठेवलेलं आपलं निळ्या झाकणाचं भांडं सेल्मा टोव्जने उचललं, तेव्हा ते हलकं लागलं. तिने झाकण काढलं. आत काही नव्हतं. घासूनपुसून लख्ख केलेलं. बुडाला पट्टी तशीच होती, तिच्याच ठसठशीत अक्षरात तिचं नाव.

भांडं कुणी ठेवलं हे तिला विचारावं लागलं नाही.

शेजारच्या गल्लीतल्या जेकब पेनरला हिवाळ्याच्या तोंडावर पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याची बायको जस्टिना शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम सोडून त्याच्यापाशी बसली, आणि घरात येणारं होतं नव्हतं तेही थांबलं. ही जस्टिना म्हणजे अशी, की कुणाच्या घरी दुखणं आलं तर सूप घेऊन सगळ्यांत आधी दारात हजर, पण तिच्या हातावर कुणी काही ठेवू म्हटलं तर हात पाठीमागे. मंडळीने मदत पाठवली, तर "गरजूंना द्या" म्हणून तिने ती परत पाठवली. जणू काही गरजू लोक दुसऱ्या गावात राहत होते!

तेव्हा सेल्माने प्रार्थना केली आणि तिला सुचलं. दर गुरुवारी अंधार पडल्यावर ती बुडाची पट्टी सोलून टाकलेलं एक भांडं पेनरांच्या मागच्या पायरीवर ठेवू लागली. कधी कोबीचं बोर्श सूप, कधी सॉसेज आणि बटाटे. स्वतःच्या घरी ती स्वयंपाक कसाबसा उरकायची, पण ते भांडं मात्र जीव ओतून भरायची. पुढच्या गुरुवारी तेच भांडं धुऊन पायरीवर ठेवलेलं असे आणि आत फडक्यात गुंडाळलेले दोन पाव. कुणाला द्यायचे हे ठाऊक नसताना जस्टिनाने भाजलेले. घरी जाता जाता ते खाताना सेल्माला वाटायचं, आपल्याइतकं सुखी कुणी नाही.

तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं.

एका बुधवारी प्रार्थनासभेत जस्टिना देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभी राहिली. "माझ्या पायरीवर कुणीतरी जेवण ठेवतं. कोण ते मला ठाऊक नाही, करूनही घ्यायचं नाही. मी जेकबला म्हणते, बघ, प्रभू आपल्याला विसरलेला नाही." एवढं बोलून ती बसली. सगळ्या बायका वळल्या त्या हिल्डा वीबकडे, कारण चांगलं काही झालं की ते हिल्डानेच केलेलं असतं अशी गावाची समजूत. आणि हिल्डाबाईंनी काय करावं? मान खाली घातली आणि मंद हसल्या. हो नाही, की नाही नाही.

सेल्माच्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी तिने निळ्या झाकणाचं भांडं काढलं. पट्टी काढायला हात गेला होता. नखाने कोपरा उचललाही होता. मग अंगठ्याने तो परत दाबून बसवला आणि स्वतःला सांगितलं, उशीर होतोय.

त्या रिकाम्या भांड्यानंतरही तिने पुढच्या गुरुवारी बिनपट्टीचं भांडं नेऊन ठेवलं. शनिवारी गेली तर ते जागच्या जागी, दगडासारखं गोठलेलं. रविवारी जस्टिना चर्चला आली नाही. दुकानात कुणी म्हणालं, जेकब फार वाळलाय. सेल्मा भरल्या ताटावरून उठली. आपण एका आजारी माणसाच्या तोंडचं अन्न काढलं, आणि तेही कशासाठी, तर हिल्डा हसली म्हणून!

ती वृद्धाश्रमात लेनाआत्याकडे गेली. आत्या नव्वदीच्या पुढची, कान गेलेले, पण ओठांवरून बोलणं टिपणारी नजर अजून शाबूत. सेल्माने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"पट्टी काढायला विसरले गं आत्या."

"विसरलीस?"

सेल्मा म्हणाली, "नाही."

"मग तसं म्हण. मी मरायला टेकलेय, माझा वेळ खाऊ नकोस."

"जाऊन माफी मागू का तिची?"

"माग की. ती देईल. तुला बरं वाटेल, आणि जेकब उपाशी तो उपाशीच." आत्याने शाल ओढून घेतली. "उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभूने सांगितलं, ते फक्त देणाऱ्याने फुगू नये म्हणून, असं वाटतं होय तुला? घेणाऱ्याची मान वर राहावी म्हणूनही सांगितलं असेल. तिला जेवण घालायचं होतंस, नाव कशाला वाढलंस पानात?"

सेल्माच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"रडून काय होतंय? देताना जे ठेवून घेतलंस, ते आता सोड," आत्या म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

सेल्मा निळ्या झाकणाचं भांडं काखेत मारून पेनरांकडे गेली. जस्टिनाने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीशी जेकब खुर्चीत बसलेला दिसत होता.

"अगं, हे भांडं माझ्या दारात कुणी टाकलं?" सेल्मा म्हणाली. तिने भांडं पुढे केलं. "बेकर आजोबांच्या मयतापासून शोधतेय मी हे. तुला ठाऊक आहे का कुणाकडे होतं?"

जस्टिना तिच्याकडे बघत राहिली. "तू नव्हतं ठेवलंस? जेवण घालून?"

"मी? मला माझ्याच घरचं उरकत नाही, बाई."

जस्टिनाचे खांदे खाली आले आणि ती चक्क हसली. "मला वाटायलाच हवं होतं! तुझ्या हातचं कुठे एवढं चांगलं लागतं? तुझं बोर्श म्हणजे नुसतं गरम पाणी."

"हो ना," सेल्मा म्हणाली.

"मेली मी, सेल्मा. किती वाईट मनात आणलं तुझ्याबद्दल! म्हटलं, हिने मला भिकारी केलं आणि वर सहीसुद्धा केली." तिने डोळे पुसले. "ये आत. आण ते भांडं. रागाच्या भरात रिकामं ठेवलं मी, लाज वाटते."

ती पाव आणायला फडताळाकडे वळली. सेल्मा टेबलाशी उभी राहिली. खोटं बोलल्याने तोंड कडू झालं होतं, आणि त्यावर मैत्रीण तिचीच माफी मागत होती. तिने खिडकीबाहेर पाहिलं. समोर, हात लांब केला तर लागेल अशी, मागची पायरी होती. वर दिवा होता.

तिने जेकबकडे पाहिलं. तो तिच्याचकडे बघत होता. आणि सेल्माला कळलं की तो रोज इथेच बसतो, गुरुवारीसुद्धा, आणि पहिल्या भांड्यापासून त्याला ठाऊक आहे. वाचा गेलेली असली तरी बोट उचलून तिच्याकडे दाखवायला त्याचा डावा हात धड होता. बायको 'प्रभू विसरलेला नाही' म्हणाली तेव्हाही त्याने तो उचलला नव्हता. घेणाऱ्याने तिचं गुपित राखलं होतं. तिला स्वतःला ते राखता आलं नव्हतं.

त्याने हलकेच नजर वळवली आणि बाहेर बर्फाकडे बघू लागला.

"हे घे," जस्टिना म्हणाली. भांडं पावांनी भरलं होतं. "आणि हिल्डा भेटली तर तिला काही बोलू नकोस हं. तिला वाटू दे, मला कळलं नाही."

"नाही बोलणार," सेल्मा म्हणाली. घरी आल्यावर तिने आधी भांडं उलटं केलं आणि नखाने पट्टी खरवडून काढली. मग कोबी चिरायला घेतला. गुरुवार होता.