अकरा सव्वीसपासून

आमच्या घरात नेट येतं ते कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसलेल्या, अंगठ्याएवढ्या वायफाय अडॅप्टरमधून. वय वर्षं नऊ. टोपण हरवलेलं, अंग सदा तापलेलं. घरात त्याचे लाड माझ्यापेक्षा जास्त.

आज अकराला माझी मुलाखत. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या कंपनीत मुद्रितं तपासायचं काम, तेही घरी बसून. सहा वर्षांत चालून आलेली ही पहिली संधी. मोबाइलची रेंज आमच्या घरात फक्त न्हाणीघरात येते, आणि होणाऱ्या साहेबीणबाईंना पाठीमागची बादली दाखवायची माझी

संपर्क तुटला. पुन्हा जोडत आहे.

इच्छा नव्हती. (हे असंच चालतं. सवय करून घ्या, आम्ही घेतली.)

साडेदहा. नवरा इंजिनिअर आहे, पूल बांधतो. पण घरात इंजिनिअर असताना बाहेरचा माणूस कशाला, असं घराण्याचं ठाम मत. त्याने अडॅप्टर उपसला, फुंकर मारली, परत खुपसला.

"झालं!"

चार मिनिटं चाललं.

"ड्रायव्हर जुना झालाय." नवा ड्रायव्हर घातला. तीन मिनिटं चाललं. प्रगती होती, दिशा तेवढी उलटी होती.

"महिनाभर सांगतेय, नवा आण."

"अगं, चालतोय की! मधूनमधून बंद पडतो, एवढंच."

"तुझे पूलपण असेच असतात का रे?"

दाराशी सासरे उभे. निवृत्त मीटर रीडर. छत्तीस वर्षं लोकांचे मीटर वाचले, आता आम्हाला वाचतात. खोलीतून माणूस उठला की पंखा बंद. कधीकधी उठायच्या आधीच.

"त्यालाही विश्रांती लागते, सूनबाई," ते अडॅप्टरकडे मायेने बघत म्हणाले.

अकरा. पडद्यावर संपादकबाई, चष्मा कपाळावर. दहा मिनिटं सगळं सुरळीत. मग त्यांनी सहज विचारलं, "काम घरून आहे, फायली रोज पाठवाव्या लागतील. नेट नीट चालतं ना तुमच्याकडे?"

"हो हो, अगदी व्यव

संपर्क तुटला. पुन्हा जोडत आहे.

पुन्हा जोडत आहे.

नवरा टेबलाखाली शिरला. तिथून एक लांब वायर जोडून, अडॅप्टर खिडकीशी उंच धरून उभा राहिला.

"आता कोणी हलू नका!"

कोणीच हललं नाही. नेटसुद्धा.

"फुंकर मारून बघू का परत?"

"हो बाजूला. आण तो इकडे."

अडॅप्टर जागेवर खुपसून मी खुर्चीत बसले आणि मला येतं तेवढंच केलं: पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. अडॅप्टरच्या सेटिंगची पाच पानं होती. इंजिनिअरांनी पहिलं वाचून बाकीची गृहीत धरली होती. पाचव्या पानावर, अगदी तळाशी, एक चौकोन: वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची कॉम्प्युटरला परवानगी द्या.

चौकोनात बरोबरची खूण.

"ही कोणी केली?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. मग दोघांनीही दाराकडे.

"मागच्या महिन्यात कॉम्प्युटरवर पत्ते खेळताना चुकून तिथे गेलो," सासरे म्हणाले. "छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणी म्हणालं नाही, आणि हा आपणहून म्हणतो, वीज वाचवतो. नाही कसं म्हणायचं?"

"बाबा! मी नवा ड्रायव्हर घातला, टेबलाखाली लोळलो..."

"मला काय माहीत? मला वाटलं, तुला आवडतं ते."

मी खूण काढली. हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. घड्याळात अकरा सव्वीस.

संपादकबाई अजून होत्या. चष्मा आता डोळ्यांवर.

"मघाचं उत्तर अर्धं राहिलं तुमचं."

खोटं पुरं करायला फक्त दीड शब्द बाकी होता.

"चालत नव्हतं," मी म्हणाले. "महिनाभर. पाचव्या पानावर तळाशी एक चुकीची खूण होती. अकरा सव्वीसपासून चालतंय."

"कोणी शोधली?"

"मी."

"पाचव्या पानापर्यंत वाचलंत?"

"वाचते मी. त्याशिवाय चूक सापडत नाही."

त्यांनी कसलातरी कागद उलटा ठेवला. "भूगोलाची चाळीस पानं आत्ता पाठवते. उद्या दुपारपर्यंत तपासून द्या. तिथून सुरुवात करू."

फाईल यायला लागली. दहा टक्के, वीस टक्के. मी आनंदाने खुर्चीतून अर्धवट उठले.

माणूस उठलेला दिसताच सासऱ्यांचा हात सवयीने कॉम्प्युटरच्या बटणाकडे गेला. नवऱ्याने झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं आणि फाईल पुरी येईपर्यंत धरूनच ठेवलं.

दिवसभरात इंजिनिअरांनी केलेली ही पहिली यशस्वी दुरुस्ती.